चतुराबाईचे लाल मासे

मानवतच्या जिनिंगात कामाला असलेला भुजंग एकदा कापसाच्या कामानं हैदराबादेला गेला आणि येताना काचेच्या बरणीत लाल मासे घेऊन आला. रेल्वेत सारी वाट त्यानं बरणी मांडीवर धरली होती. निजामाच्या राजवटीतली ती शेवटची काही वर्षं होती. आमच्या गल्लीत कुणी असले मासे पाहिले नव्हते. त्याची बायको चतुराबाई हिनं ते अंगणातल्या जुन्या, काळ्या दगडी दोणीत सोडले. शेवाळलेल्या पाण्यात ते जास्वंदीसारखे लालभडक दिसायचे.

पुढं भुजंग तापानं गेला. थोरला दीर व्यंकटराव वाईट माणूस नव्हता. पण भाऊ गेला, आता त्याची हौसही संपली, असं त्यानं मनाशी धरलं. दोणी उपसून त्यानं बैलांना पाणी पाजायला गोठ्यात नेली. चतुराबाईनं मासे तामचिनीच्या पांढऱ्या घमेल्यात घातले आणि घमेलं आपल्या आतल्या खोलीत ठेवलं. तिथं ना खिडकी, ना झरोका. महिना-दीड महिन्यात माशांचा लाल रंग उतरत उतरत फिकट पिवळट झाला.

चतुराबाईनं कुंकू पुसलं होतं, बांगड्याही उतरवल्या होत्या. पण भुजंगनं घेतलेलं हिरवं लुगडं सोडायला ती तयार नव्हती. सासू तानुबाईनं पांढुरकं लुगडं आणून पुढ्यात ठेवलं, ते तिनं घडीही न मोडता परत दिलं. मग शेजारची बायनाबाई मासे बघून गेली आणि गल्लीभर बोलणं पसरलं, की मालक गेल्यावर माशांनीसुद्धा रंग टाकला. एके सकाळी चार बायकांसमोर तानुबाई म्हणाली, "मुक्या जितराबानं दुखवटा धरला, चतुरा. तुला मातर रंग सुटंना."

हे तिला लागलं. क्षणभर तिला ते खरंही वाटलं. ती घमेल्यापाशी जाऊन बसली, तेव्हा तिला आठवलं, की दोणी घासून वाळवताना ती मासे चार-सहा दिवस पांढऱ्या परातीत काढून ठेवायची, तेव्हाही ते थोडे फिके पडायचे आणि दोणीत सोडले की पुन्हा लाल व्हायचे. तेव्हा भुजंग चांगला हिंडता-फिरता होता. जागा बघून रंग धरतेत गं हे, असं तोच हसून म्हणाला होता.

ती उठली, गोठ्यात गेली आणि दोणीतलं पाणी ओतून दिलं. खाली लाकडाचे ओंडके घालून ती एकटी दोणी अंगणात ढकलत आणू लागली. व्यंकटराव आडवा आला. बैलांनी काय करायचं, असं त्यानं विचारलं.

"बैल आडावर न्या, भावजी. दोणी माझी हाय."

तानुबाई म्हणाली, ती मरतुकडी मासळी नदीत सोडून दे. चतुराबाईनं पदर खोचला आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं, "त्यांनी कुणाचा दुखवटा धरला न्हाई, आत्या. अंधारात, पांढऱ्या भांड्यात ते पांढरे पडले. मला बी तुमी तसंच भांड्यात घालायलाव. मी न्हाई जायची."

व्यंकटराव बैल सोडून आडाकडे गेला.

तिनं दोणी भरून मासे पुन्हा त्यात सोडले. रंग लगेच आला नाही. गल्लीतल्या बाया रोज डोकावून जायच्या आणि मासे अजून फिकेच दिसले की समाधानानं परतायच्या. हळूहळू मासे लाल झाले. एक मात्र तसाच फिका राहिला. तानुबाई मुद्दाम त्याच्याकडे बोट दाखवायची. चतुराबाई म्हणायची, त्याची मर्जी.

पुढं बायनाबाईची सून अंबा विधवा झाली. वर्ष होत आलं तरी पोर उंबऱ्याबाहेर आली नव्हती. बाजाराच्या दिवशी चतुराबाई त्यांच्या दारात गेली आणि पोरीला माझ्यासंगं पाठवा म्हणाली. बायनाबाई नाही म्हणाली.

"मंग मी हितंच बसते," असं म्हणून चतुराबाई उंबऱ्यावर बसली. येणारेजाणारे थांबून विचारू लागले, आणि ती प्रत्येकाला कारण सांगू लागली. शेवटी बायनाबाई दारातून बाजूला झाली.

त्या दिवशी भर बाजारात अंबानं हरभऱ्याचा टहाळ घेतला आणि उभ्या उभ्या सोलून खाल्ला. लोक बघत होते. चतुराबाई तिच्या शेजारी उभी राहून लोकांकडे बघत होती.