जिथली वस्तू तिथे

लूमच्या कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात. उधन्यातल्या आमच्या खात्यात हिलालआप्पा मास्तर आहेत, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारे. राहतातही माझ्या शेजारच्याच खोलीत. हत्यारांच्या फळीवर त्यांनी प्रत्येक पान्ह्याची, पकडीची आकृती काळ्या रंगाने काढली आहे. एखादी आकृती रिकामी दिसली की सगळ्या खात्याची झडती. जमिनीवर पिवळे पट्टे, आणि ये-जा करायच्या वाटेत कुणी कापडाचा ताका ठेवला तर त्याची खैर नाही. आम्ही पाठीमागे नावं ठेवतो. पण सांडलेल्या तेलावरून घसरून आमच्याकडे कुणाचा हात मशीनमध्ये गेलेला नाही, हेही कबूल करतो.

आप्पांची बायको सरलाबाई होत्या तोवर ही शिस्त त्यांनी घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवली होती. त्या गेल्या आणि मुलगा चेतन आप्पांना कडोदऱ्याच्या आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला. हॉलमध्ये खिडकीपाशी त्यांची खाट टाकली. आप्पा तिथून रोज खात्यात यायचे, आणि नातीच्या, चंचलच्या गोष्टी सांगून आमचं डोकं खायचे. त्या दिवसांत ते हसायचे, मी पाहिलंय.

मग सगळे नवापूरला लग्नाला गेले. आप्पांना सुट्टी नव्हती. सुनेला काहीतरी करून दाखवावं म्हणून या भल्या माणसाने स्वयंपाकघर खात्यासारखं लावलं! झारे, सांडशी, लाटणं, सगळ्यांच्या आकृत्या भिंतीवर. डबे नव्या क्रमाने. गॅससमोर पिवळा पट्टा, चंचलने आत यायचं नाही म्हणून.

सून योगिता परतली, तिला तिचेच डबे सापडेनात. सकाळी सवयीने हात गेला आणि चेतनच्या चहात मीठ पडलं. चंचलला तर खेळच मिळाला, ती पट्ट्यावरून उड्या मारू लागली. आप्पा तिच्यावर खात्यातल्यासारखे ओरडले. पोर भेदरून रडली. तेव्हा योगिता म्हणाली, "आप्पा, हाई घर शे, खातं नही."

चूक तिची नव्हती. घर तिचं होतं. आप्पांचंही काय चुकलं, त्यांना माया करायची दुसरी रीतच येत नव्हती. चेतन खाली मान घालून म्हणाला, "आप्पा, थोडा दिन उधनालेच ऱ्हा."

ते थोडे दिवस संपलेच नाहीत. आप्पांच्या खोलीत आता सगळं जागच्या जागी असतं, कारण हलवणारं कुणी नाही. सकाळी ठेवलेला पेला संध्याकाळी तिथेच. मला त्या खोलीत बसवत नाही.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चेतनने बोलावलं. सरलाबाईंच्या नावाची घागर पूजायची होती. आप्पांनी शर्ट इस्त्री करून आणला, पिशवीत दोन जोड कपडे, दाढीचं सामान, पांघरूणही घेतलं. या वेळी ठेवून घेतील, एवढंच त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

पिशवी घेऊन ते संध्याकाळी परत आले.

"कशी झायी आखाजी?" मी विचारलं.

पुरणपोळी छान होती म्हणाले. चंचल उंच झाली म्हणाले. भिंत पुन्हा रंगवलीय, पट्टाही पुसलाय, काही हरकत नाही. पूजा आटोपल्यावर चेतन म्हणाला होता, "आप्पा, जेवण करीसनच जा."

"आणि तुमची खाट?"

खाटेच्या जागी चपलांचा स्टँड होता. सगळे खण भरलेले, म्हणून आप्पांनी आपल्या चपला दाराबाहेर काढल्या.

"चपलास्ले जागा करी दिधी त्यास्नी," आप्पा म्हणाले, आणि आपली सवय घराने उचलली याचा त्यांना खरंच अभिमान वाटत होता. "मनीच सवय शे ती."

मग त्यांनी पिशवी उघडली आणि एकेक वस्तू जागेवर ठेवायला लागले.