खडे कोणी टाकले?

"हात तसाच वर ठेव. गावाला बघू दे," शेट म्हणाला.

शाळेच्या पडवीत ग्रामसभा भरली होती. आमच्या पाड्याची गुरचरणाची जमीन बोईसरच्या एका कारखान्याला द्यायची होती, रसायनाचा गाळ टाकायला. जमिनीच्या उताराला आमची विहीर. शेट म्हणजे सरपंच. अर्धा पाडा त्याच्याच वाडीत कामाला. त्याने जमीन द्यायच्या बाजूचे हात मागितले, सगळे वर गेले. माझ्या नवऱ्याचाही. विरोधात हात वर केला तो मी एकटीने.

माझं पोलकं काखेत फाटलेलं. शेटने बोट दाखवलं. "आधी ते शिव. मग गावाचं बघ."

माणसं हसली. माझी जाऊही हसली. लाजेने मेल्यासारखं झालं. मग त्या लाजेचीच चीड आली.

मी म्हटलं, "शेट, तुमच्या डोळ्यांसमोर नको. चिठ्ठ्या घ्या."

"लिहिता येतं का तुमच्यात कोणाला?"

"मंग चिंचोके घ्या, खडे घ्या. जमीन देयाची त्याने चिंचोका, नाय देयाची त्याने खडा. आत मडकं ठेवा. एकेकाने जायाचं."

"घ्या," शेट हसला. "हात माझेच आहेत सगळे."

एकेक जण आत जाऊन आला. कोणी कोणाकडे बघेना. ग्रामसेवकाने मडकं उपडं केलं. खडेच खडे. चिंचोके मधे कुठेतरी.

जमीन वाचली.

मग शेटने एकेकाला गाठून विचारायला सुरुवात केली. सगळ्यांचं एकच, "आमी चिंचोकाच टाकला." जावेने पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. नवऱ्यानेही मला तेच सांगितलं, चुलीकडे बघत. मग खडे टाकले कोणी? पाण्याला गेलं की मी बायांची तोंडं न्याहाळायची. ही असेल? का ती? ज्यांनी माझ्यासारखाच खडा टाकला, तेच मला टाळत होते. वाडीतलं काम गेलं ते फक्त माझं.

पुढे शेटने मला बोलावून घेतलं. "नावं सांग. उद्यापासून कामाला ये."

नावं मला माहीत नव्हती. संशय होता, सगळ्यांवर. तेवढाही त्याला पुरला असता.

"माझं सांगते. मी खडा टाकला. दुसऱ्याचं मला विचारायचं नाय."

आता मी बोईसरला बांधकामावर घमेली उचलते. नवऱ्याने आत काय टाकलं, ते मी त्याला पुन्हा विचारलं नाही. विचारणारही नाही. आणि आमच्या पाड्यात कोणी कोणाला ते विचारायला आला, सरपंच असो की सख्खा भाऊ, त्याची गाठ आधी माझ्याशी आहे.