बाबांच्या खाटेवरचं कवेलू

आमच्या गावची वांदरं मोठी हुशार. स्लॅबच्या घरावर जात नाहीत, तिथं त्यांना काही गंमत नाही. टिनावर पाय भाजतात. म्हणून उड्या मारायला थेट आमच्याकडे येतात, कारण आमच्या गल्लीत कवेलूचं घर आता आमचंच उरलंय. पुण्यामुंबईकडचे लोक त्याला कौल म्हणतात. म्हणोत बिचारे.

पोळा झाला आणि एक दांडगं वांदर कडुनिंबावरून आमच्या छपरावर आदळलं. एक कवेलू मधोमध फुटलं आणि त्याचा अर्धा तुकडा बाबांच्या खाटेवर पडला, अगदी उशीजवळ. बाबा तेव्हा अंगणात दाढी करत बसले होते म्हणून वाचले. मी धावत आत गेले. वर बघते तर छपराला हातभर भोक आणि त्यातून ढगाळ आभाळ दिसतंय.

मी तुकडा उचलला आणि म्हणाले, "बाबा, थांबा, मी शिडी आणते."

बाबांनी अर्ध्या दाढीचा चेहरा माझ्याकडे वळवला. "तू कायले? घरात पोरगा हाय नं. तो येईन अन् बसवीन."

घरात पोरगा नव्हता. घरात मी होते. आई गेल्यापासून बाबा आणि मी, दोघंच. नवऱ्याचं घर सोडून मी माहेरी आले त्याला बरीच वर्षं झाली. गावातच अंगणवाडीत कामाला आहे. पोरगा म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो पुसदला असतो, बायकापोरं, दुकान, सगळं तिकडेच. आमच्या फुलसावंगीकडची माणसं सकाळच्या एसटीनं पुसदला बाजाराला जातात आणि संध्याकाळी परत येतात. त्याला मात्र ती एसटी सापडत नाही.

फोन लावला तर म्हणाला, "येतो नं ताई रविवारी. कवेलूच हाय, काय मोठं काम हाय त्याच्यात."

रविवार आला, तो आला नाही. पुढच्या रविवारी त्याच्या पोराची परीक्षा होती. त्याच्या पुढच्या रविवारी त्याच्या साळ्याकडे कार्यक्रम निघाला. बाबा मात्र दर रविवारी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून खाटेवर बसायचे. बाबांची खाट दाराच्या अगदी समोर आहे. तिथून गल्ली दिसते, गल्लीच्या टोकाला रस्ता दिसतो आणि रस्त्यावर एसटी थांबते ती जागाही दिसते. गाडी थांबली की बाबांची मान पुढे. उतरलेली माणसं आपापल्या वाटेला लागली की मान मागे. मला ते बघवायचं नाही. मी चुलीकडे तोंड करून पोळ्या लाटत बसायची.

पावसानं त्या साली जायचं नावच घेतलं नाही. ते भोक नेमकं खाटेवर. पाऊस आला की धार थेट बाबांच्या उशाशी. मी म्हणाले, खाट सरकवू, त्या भिंतीकडे घेऊ, तिकडे कोरडं आहे.

"नोको. तिथून रस्ता नाही दिसत."

बस्स. मग काय, उशाशी घमेलं ठेवायचं, बाबांनी खाटेच्या दुसऱ्या टोकाला पाय पोटाशी घेऊन, अंगावर मेणकापड ओढून बसायचं. म्हातारं माणूस. त्यांना खोकला लागला. खोकताना घमेलं हलायचं आणि पाणी गोधडीवर सांडायचं. माझ्या डोक्यात तिडीक जायची. एका कवेलूसाठी माणूस आजारी पडून राह्यला, आणि ते कवेलू बसवायला दोन हात घरात आहेत, तेही चांगले धडधाकट! पण ते हात चालत नाहीत.

गावातल्या कोणाला बोलवावं तर तेही नाही. बाबा म्हणायचे, "पोरगा असताना परक्याले सांगतलं तं लोक थुंकतीन माया तोंडावर."

आणि मी वर चढायचं तर आमच्याकडची जुनी रीत आडवी येते. बाईमाणसानं छपरावर पाय द्यायचा नाही, खाली देव असतात. आमचा देव्हारा त्याच खोलीत, कोपऱ्यात. रोज त्या देवांना आंघोळ घालते मी, फुलं आणते मी, दिवा लावते मी. पण त्यांच्या डोक्यावरून चालायला लेकाचे पाय पाहिजेत. लेकाचे पाय पुसदच्या बाजारात फिरून राह्यले, त्याचं देवांना काही वाटत नाही.

एका सकाळी बाबांना ताप आला. त्या दिवशी मी कोणाला काही विचारलं नाही. वरच्या गल्लीतल्या एका बाईनं मागं स्लॅब टाकला, तेव्हा तिच्या जुन्या घरावरचे कवेलू तिनं गोठ्यामागं रचून ठेवले होते. त्यातलं एक चांगलं, न तडकलेलं बघून घेतलं, पदराखाली धरून आणलं आणि शिडी ओढत अंगणात निघाले.

बाबा तापातही ओरडले, "वर चढशीन तं मायी शपथ हाय तुले!"

मी उभी राहिले. मग म्हणाले, "वर नाही चढत. आतून बसवते. मग तं जमते नं तुमच्या देवाले?"

आतून बसवता येतं. आईनं मला ते दाखवलं होतं, बाबा शेतात असताना. वरच्या ओळीतलं कवेलू खालून तळहातानं जरासं उचलून धरायचं, फुटक्याचा राहिलेला तुकडा हळूच ओढून काढायचा, नवीन कवेलू तिरपं करून त्याच भोकातून वर सरकवायचं आणि त्याचं मागचं नाक, म्हणजे खालून पुढे आलेला खुंट, लाकडी पट्टीत अडकवायचं. मग वरचं त्याच्यावर सोडून द्यायचं. बाई छपरावर चढत नाही आणि छप्पर दुरुस्त होतं. आमच्या बायकांनी अशा किती वाटा काढल्या असतील, देव जाणे.

बाबांनी भोकाकडे पाहिलं, मग दाराकडे. म्हणाले, "बरं. पण दार लोटून घे आंधी."

मला वाटलं, वाऱ्यानं धूळ उडेल म्हणून म्हणत असतील. मी दार लोटलं, खाट बाजूला केली, शिडी उभी केली. डोळ्यांत माती गेली, केसांत कोळ्याची जाळी आली, एका हातानं कवेलू तोलताना खांदा भरून आला. एकदा तर ते हातातून निसटणारच होतं. पण शेवटी पट्टीत नाक बसलं, खट्ट झालं आणि आभाळ दिसायचं बंद झालं. खरं सांगते, मला इतका आनंद झाला की शिडीवरच हसू आलं. खाली बाबांकडे पाहिलं. ते वर बघत होते. बसलं का, एवढंच म्हणाले. मी खाट पुन्हा जागेवर आणली, दाराच्या समोर, आणि चहा मांडला.

दुसऱ्या दिवशी शेजारचे काका आले. रोज येतात, बाबांसोबत चहा पितात, सगळ्या गावाची खबर त्यांच्याजवळ. वर पाहून म्हणाले, "कवेलू बसलं वाटते?"

"बसलं नं," बाबा म्हणाले. ताप उतरला होता, आवाज खणखणीत. "पोरगा आल्ता काल. सकाळच्या गाडीनं आला, बसवलं अन् लगेच गेला. थांब म्हटलं तं म्हणे दुकान कोण पाहीन."

मी चुलीपाशी होते. हातात चहाची गाळणी होती. ती तशीच धरून उभी राहिले आणि चहा कपाच्या बाहेर सांडला. तेव्हा कळलं मला, दार कशासाठी लोटून घ्यायचं होतं.

काका गेल्यावर बाबांनी भावाला फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ओरडून बोलतात. "अरे, मी सांगतलं सगळ्याईले तू येऊन गेला म्हणून. कोणी इचारलं तं हो म्हणजो!" तिकडून भावाचं हसणं मला ऐकू आलं.

मी समोर जाऊन उभी राहिले. "बाबा, काहून सांगतलं असं?"

"तुयं काय गेलं त्याच्यात?"

"माया खांदा गेला, बाबा. वर हात होत नाही माया."

त्यांनी तोंड फिरवलं. मग जरा नरमाईनं म्हणाले, "तुले कोण इचारते, बाई? तू तं घरातच हाय. पण त्याचं नाव निघते लोकाईत. पोरगा असून बाप भिजून राह्यला म्हणतीन. मले ऐकवत नाही ते."

भांडायचं तर समोरच्याला आपली चूक थोडी तरी कळावी लागते. बाबा चुकलेत असं त्यांना वाटतच नव्हतं. मी घरातच असते, म्हणून मी मोजायची नाही. जो नसतो त्याचं सगळं मोजायचं. मला त्या दिवशी रडू नाही आलं. नुसती आग आग झाली अंगाची. रात्री त्यांना खोकल्याचं औषध मात्र दिलं.

भाऊबीजेला भाऊ आला. यायचाच, बायकोला तिच्या माहेरी सोडलं होतं आणि आमचं गाव त्याच वाटेवर. नवीन शर्ट, पायात नवे बूट. बाबांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे तेज होतं ते दिवाळीच्या दिव्यांना नव्हतं. काकाही येऊन बसले होते. मी पाट मांडला, ताट घेऊन आले.

काका भावाला म्हणाले, "बाप्पा, कवेलू मस्त बसवलं बरं तू. तेव्हापासून एक थेंब नाही गळला."

मी भावाकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी लाजेल. निदान विषय बदलेल. तर हा गडी पायावर पाय टाकून म्हणतो, "घरचं काम हाय काका, कराच लागते. थोडं अवघड होतं, पण जमलं."

थोडं अवघड होतं म्हणे!

मी ओवाळलं. कुंकू लावलं, करदोडा दिला, सगळं रीतसर केलं. त्यानं खिशात हात घातला तेव्हा म्हणाले, "ओवाळणी नोको मले. एक काम कर."

ताट खाली ठेवलं, आतून शिडी आणली, सगळ्यांदेखत चढले आणि तेच कवेलू खालून उचलून काढून घेतलं. भोकातून उजेड थेट बाबांच्या उशीवर पडला. खाली उतरून कवेलू भावाच्या मांडीवर ठेवलं. "हे जरासं तिरपं बसलं होतं. तुले येते नं, नीट बसवून दे. हेच मायी ओवाळणी."

काका चहाचा कप तोंडाशी धरून थांबले. बाबा माझ्याकडे असे पाहत होते, जणू मी त्यांचा गळा धरलाय. भाऊ लाल झाला. पण काकांसमोर नाही कसं म्हणणार? आतून बसवतात कसं हे त्याला माहीतच नव्हतं. तो बाहेर गेला आणि बूट घालून छपरावर चढला. कवेलूवर पाय कुठं द्यायचा हे तरी माहीत पाहिजे ना! खाली लाकूड असतं तिथं द्यायचा, तोही अनवाणी, अलगद. हा फरशीवर चालावं तसा चालला. कडकड आवाज आला, तुकडे आत पडले. बाबा अंगणात उभे राहून दोन्ही हात वर करून म्हणत होते, "हळू रे राजा, पडशीन, उतर, जाऊ दे ते!" कवेलूंचं त्यांना काही नव्हतं. माझ्या एका भोकाची आता खिडकी झाली होती.

भाऊ खाली आला, हात झटकले. "कवेलूच जुने झाले ताई. टिन टाकून देतो पुढच्या महिन्यात." आणि दुपारच्या गाडीनं गेला.

गाडी दिसेनाशी होईपर्यंत बाबा दारात उभे होते. मग आत वळून म्हणाले, "सणावाराचं पोराले घालून पाडून बोलून पाठवलं. समाधान झालं तुयं?"

नाही झालं. खरंच नाही झालं. मला वाटलं होतं फार बरं वाटेल. आणि वर पाहिलं तर ढग दाटून आले होते.

मी वरच्या गल्लीतून कवेलू आणले. या वेळी पदराखाली लपवले नाहीत, टोपल्यात घालून डोक्यावरून आणले. आणि शिडी आत नाही, बाहेरच्या भिंतीला लावली. एवढं मोठं भोक आतून बुजणार नव्हतं, आणि बुजलं असतं तरी मी आत गेले नसते. लुगडं खोचलं, चपला काढल्या आणि चढले. बाबांनी शपथ घातली नाही. अंगणात येऊन उभे राहिले. गल्लीतल्या बायका दारात आल्या. कोणीतरी तोंडावर पदर धरला. बघा म्हटलं, बघून घ्या डोळे भरून. छपरावर कोण आहे ते आज सगळ्यांना दिसू द्या.

शेजारचे काका अंगणात येऊन वर बघत उभे राहिले. बाबांना म्हणाले, "हे काय? पोरगी चढली?"

मी हातातलं काम थांबवलं. आता तर लपवण्यासारखं काहीच नव्हतं. भर दिवसा, गावादेखत मी तिथं बसले होते. मला ऐकायचं होतं बाबा काय म्हणतात.

बाबा म्हणाले, "पोरानं लावलं नं सगळं बराबर. गाडीचा टाइम झाला म्हणून थोडं राह्यलं होतं. तेवढं पुरं करून राह्यली ते."

काका हो हो म्हणाले.

मी वरूनच ऐकलं. हातात शेवटचं कवेलू होतं. मनात आलं, ठेवावं तसंच, भिजू द्यावं. मग त्या भोकातून खाली पाहिलं, तर बाबांची खाट दिसली, दारासमोर लावलेली, आणि त्यावर त्यांची ती पातळ गोधडी. मी कवेलू बसवलं आणि खाली उतरले.