सरळ रांग

हे बायकोलाही माहीत नाही. तिला वाटतं, त्या रविवारी मी ऑफिसमधल्या कुणाबरोबर म्युझियम बघायला गेलो होतो. गेलो होतोच — पण का, ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

दोन हजार सहा साल. अमेरिकेतल्या ट्रॉय शहरात, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत मी नुकताच लागलो होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. इंग्रजी तर डिक्शनरी पाठ करून कमावलं. त्याचा मला अभिमान होता, आजही आहे — आणि तरी त्याच इंग्रजीचं मी काय केलं, ते ऐका.

लंचला आम्ही देशी मंडळी एका टेबलावर बसायचो. शेजारच्या टेबलावर रूथ. टेस्टिंगमधली, साठीला टेकलेली, गाजर खात पेपर वाचणारी. त्या दिवशी देशातल्या बेशिस्तीचा विषय निघाला. आमच्यात एक तमिळ मित्र होता, म्हणून बोलणं इंग्रजीत. मी म्हणालो, आपल्याकडे पाच वर्षं एक — आणि त्या ज्यूंना मारणाऱ्या जर्मन हुकूमशहाचं नाव घेतलं — पाच वर्षं तो आणा, सगळे सरळ रांगेत येतील. नागपूरचा पराग म्हणाला, "आधी आपल्या पार्किंगमध्ये आण यार त्याला." सगळे हसलो.

आपल्याकडे ते नाव कसं वापरतात, तुम्हाला ठाऊक आहे. कडक मास्तर, कडक सासरा — सगळ्यांना तेच. पण मी तेवढ्यापुरतंच म्हटलं होतं का? नाही. कॉलेजात मी त्याचं चरित्र मान डोलावत वाचलं होतं. ज्यूंची पानं आली की — ती भरभर उलटली होती.

दुसऱ्या दिवशी रूथ माझ्या डेस्कपाशी आली. काल जे बोललास ते तुला खरंच वाटतं का, एवढंच विचारलं. आवाज चढवला नाही.

आणि मी? मी माझं इंग्रजी मोडलं. मुद्दाम. अडखळत म्हणालो, माझी भाषा कच्ची आहे, आमच्याकडे त्या नावाचा अर्थ नुसता 'कडक' असा आहे, तो माणूस कोण ते मला नीट माहीत नाही.

तिने विश्वास ठेवला.

रविवारी तिच्याच गाडीतून ती मला मारलेल्या ज्यूंच्या स्मारक-म्युझियममध्ये घेऊन गेली. आत प्रत्येक फोटोपुढे थांबून, लहान मुलाला सांगावं तसं, सोपे शब्द शोधून सांगत होती. कॅम्प म्हणजे सहलीचा नव्हे, हेसुद्धा. मी मान हलवत होतो.

एका फोटोत स्टेशनचा फलाट होता. कुणी ढकलत नव्हतं, कुणी मध्ये घुसत नव्हतं. रांग — सरळ. रूथने त्यातली एक मुलगी दाखवली. तिच्या आईची धाकटी बहीण. तिकडे शाळा आहे असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून दप्तर घेऊन उभी होती. पोचली त्याच दिवशी तिला मारलं.

ही शिस्त मागितली होती मी? गाजर खाणाऱ्या या बाईच्या शेजारी बसून? आणि हे मला माहीत नव्हतं, असं तरी कसं म्हणू — उलटलेल्या पानांवर हेच तर छापलेलं होतं.

बाहेर अंगणात नावं कोरलेला दगड होता. तिथे सगळं सांगून टाकायचं ठरवून मी तोंड उघडलं. पण तीच आधी बोलली.

"मला तुझी माफी मागायची आहे. तुला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि मी रात्रभर तुझा द्वेष केला. मला माफ करशील?"

तिचे डोळे भरले होते. ती उत्तराची वाट बघत होती. माझ्या तोंडात तेव्हा अख्खं, धड इंग्रजी होतं.

"इट्स ओके, रूथ," मी म्हणालो. आणि तिला माफ केलं.