जोंग्याच्या मागच्या पत्र्यावर

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. माजलगावात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळली की लोक ती घेऊन येतात आणि म्हणतात, "नजर लागली बघा." मी त्यांना तोंडावर सांगतो, फ्यूजच्या जागी जाड तार घातलीस बे, नजर कशाला लागंल! तर मी असा माणूस. इथे ग्रुपवर बरेच जण अनुभव लिहितात आणि मी ते वाचून हसायचो, हेही कबूल करतो. "डॉक्टरला दाखवा" अशी कमेंट टाकणाऱ्यांनी कृपया त्रास घेऊ नये. दाखवून झालंय.

आमचं गाव दिंद्रुडच्या अलीकडे आहे. घर शेतातच. समोर अंगण, अंगणाच्या एका कडेला पत्र्याचं शेड, आणि शेडच्या बरोब्बर समोर, अंगण संपतं तिथे, जुनी विहीर. तिला तीन बाजूंनी कठडा आहे. अंगणाकडची बाजू उघडी, कारण पूर्वी तिथे मोट होती. आमच्याकडे अशा विहिरी जागोजागी दिसतील, कुणाला त्याचं काही वाटत नाही.

घरात मी, बायको सुरेखा आणि माझे वडील, आप्पा. आप्पा मिलिटरीत ड्रायव्हर होते. वर डोंगरात, बर्फात त्यांनी गाड्या चालवल्या. रिटायर होऊन आले, शेती केली, पण फौजेतलं काही बोलायचे नाहीत. एकच सवय तिथली राहिली होती. ट्रॅक्टर असो, टेम्पो असो, मागे माणूस उभा केल्याशिवाय आप्पा रिव्हर्स घ्यायचेच नाहीत. मागच्याने पत्र्यावर दोन थापा दिल्या की येऊ द्या, एक दिली की थांबा. ट्रकचे क्लीनर देतात तसंच. मोकळ्या रानात, जिथे धडकायला बाभळीचं झाडसुद्धा नाही, तिथेही हेच. पारावरची माणसं चिडवायची, "काय हवालदार, मागं दुश्मन हाय का?" आप्पा हसायचे नाहीत.

मागच्या वर्षी आप्पांना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. 'हां' आणि 'नको', एवढंच उरलं. दिवसभर ओसरीवर खुर्चीत बसून असायचे. इतका दांडगा माणूस असा खुर्चीत वाळत चाललेला बघवत नव्हता मला. डॉक्टर म्हणाले, जुन्या आवडीच्या वस्तू दाखवा, कधी कधी बोलणं परत येतं.

मला जुन्या गाड्या दुरुस्त करायचा नाद आहेच. नेकनूरकडे एका गिऱ्हाइकाची मोटार बसवायला गेलतो, तिथे एका भंगाराच्या आवारात मला जोंगा दिसला. जोंगा म्हणजे मिलिटरीची जीपच म्हणा, पण जीपपेक्षा आडमाप. टायर बसलेले, टपावर वेल चढलेला. आप्पांनी नोकरीत हीच गाडी चालवली होती, एवढं मला त्यांच्या एका जुन्या फोटोवरून माहीत होतं. झालं! डोक्यात खूळ शिरलं. म्हातारा या गाडीत बसला की बोलणार, माझी खात्रीच पटली.

क्रेनने गाडी अंगणात आणली तेव्हा आप्पा ओसरीवर होते. त्यांनी गाडीकडे बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. डावा हात हलवत म्हणाले, "नको... नको..." सगळे म्हणाले, बघा, म्हाताऱ्याला गहिवरून आलं. मलाही भरून आलं. मी त्यांच्या पाया पडलो.

आता गंमत ऐका. इंजिन मी खोललं, ते फार कुरकुर न करता लाईनीवर आलं. वायरिंग तर माझंच काम. पण डेंटिंग-पेंटिंगला हबीबमामू आले आणि तिथे घोडं अडलं. गाडीच्या मागच्या पत्र्याला, डाव्या कोपऱ्यात, तळहाताएवढा पोचा होता. मामूंनी तो ठोकून सरळ केला, पुट्टी भरली, घासून गुळगुळीत केला. दुसऱ्या दिवशी येऊन बघतात तर पोचा परत! पुट्टीचे पोपडे खाली पडलेले. पुन्हा भरला, पुन्हा तेच. मी मामूंनाच झापलं, माल हलका वापरताय म्हणून.

मामू म्हणाले, "दादा, चालीस साल से यही काम कर रा मैं. पुट्टी नई गिर री. कोई बाहर से मार रा." मग हत्यारं गोळा करून निघून गेले, परत आलेच नाहीत. शेवटी मी तसाच रंग मारला. पत्रा उन्हात तापतो, रात्री आकसतो, त्यात काय एवढं! खरंच मला तेव्हा हेच वाटलं होतं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची आणि गाड्यांची पूजा असते. त्याच सकाळी जोंगा पहिल्यांदा बाहेर काढायचा ठरवलं. पूजा करायची, चाकाखाली लिंबं ठेवायची, घरातल्या मोठ्या माणसाला पुढे बसवून मारुतीपुढे न्यायची, नारळ फोडायचा. नव्या गाडीची रीतच आहे ती. सुरेखाने झेंडूचे हार केले. माझा चुलतभाऊ दत्ता आला. आम्ही दोघांनी आप्पांना फेटा बांधला आणि उचलून माझ्या शेजारच्या सीटवर बसवलं. अंग दगडासारखं ताठ झालं होतं त्यांचं. "नको" म्हणत होते, पण पूजेच्या गडबडीत कोण ऐकतंय.

गाडी तोंड भिंतीकडे करून लावलेली, म्हणजे रिव्हर्स घेऊनच बाहेर काढायची. मागची खिडकी प्लास्टिकची, पिवळी पडलेली, त्यातून काही दिसत नाही. बाजूचे आरसे अजून मिळाले नव्हते. मी दत्ताला म्हणालो, "मागं उभा राहा अन् थाप दे." तो म्हणाला, "व्हय दादा."

इंजिन चालू केलं. मागून दोन थापा आल्या. थप-थप. मी क्लच सोडला. लिंबं फुटल्याचा आवाज आला. पुन्हा थप-थप. गाडी शेडबाहेर आली, ऊन टपावर पडलं. थप-थप. थापा अगदी ठेक्यात येत होत्या, घाई नाही की गडबड नाही. मनात म्हटलं, दत्ता भारी तयार झाला की! मला वाटलं विहीर अजून लांब आहे. थप-थप.

तेवढ्यात आप्पांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि ओरडले, "थांब!"

स्वच्छ, खणखणीत. लकव्यानंतरचा त्यांचा हा पहिला नवा शब्द. मी दचकून ब्रेक मारला. समोर बघितलं तर शेडच्या दारात दत्ता उभा! हातात नारळ आणि फुटलेली लिंबं. चाकाखालची गोळा करत तो पुढेच राहिला होता. ओसरीच्या पायरीवर सुरेखा आरतीचं ताट घेऊन. आम्हा चौघांशिवाय तिथे पाचवं माणूस नव्हतं.

आणि मागून पुन्हा आवाज आला. थप-थप. येऊ द्या.

दत्ता हाका मारायला लागला, "मागं कोन हाय? वैनी, मला वाटलं तुमी थाप देताय!" हँडब्रेक ओढून मी खाली उतरलो. मागे गेलो. डावं चाक विहिरीच्या काठावर अर्धं टेकलेलं होतं, अर्धं हवेत. टायरखालची माती सुटून पाण्यात पडत होती, खालून तिचा डुबुक डुबुक आवाज येत होता. तिथे माणूस उभा राहायला जागाच नव्हती हो. होती ती फक्त विहीर.

मी तिथे उभा असताना, भर सकाळी, लख्ख उन्हात, माझ्या डोळ्यांसमोर त्या कोपऱ्यातला पत्रा आत दबला आणि परत वर आला. थप. पुन्हा दबला, पुन्हा वर आला. थप.

पळून जावं वाटत होतं. पण आप्पा आत होते, आणि त्यांना उचलायला वेळ लावला असता तर काठाची माती सुटून गाडीच खाली गेली असती. गाडी पुढे घेतल्याशिवाय त्यांना काढता येत नव्हतं. मी कसा आत बसलो ते माझं मला माहीत. क्लच दोनदा पायाखालून निसटला. मागून थापा सुरूच, आता ठेका सोडून, जोरजोरात, दोन्ही हातांनी बडवल्यासारख्या. मी मोठ्याने आईचं नाव घेत होतो. पहिला गिअर पडला, गाडीने एक हिसका दिला आणि पुढे शेडच्या खांबावर जाऊन आदळली. थापा बंद झाल्या. आप्पांची मान खाली पडली होती.

त्यांना दवाखान्यात नेलं. आधी माजलगाव, तिथून बीड. बीपी फार वाढलं होतं. मी त्यांच्याजवळच राहिलो. सुरेखा घरी, दत्ता येऊन-जाऊन. मला वाटलं होतं आता म्हातारा हाती लागत नाही. पण आप्पा सावरले, आणि गंमत म्हणजे बोलणं थोडं परत आलं. डॉक्टर खूश. मी पण.

डिस्चार्जच्या दिवशी सुरेखा न्यायला आली. भाड्याच्या गाडीत आम्ही तिघं मागच्या सीटवर. वडवणीच्या पुढे आल्यावर आप्पांनी विचारलं, "गाडी हाय ना?"

मी म्हटलं, "हाय की. पण मी आता इकून टाकतो ती. भंगारात घालतो."

त्यांनी माझा दंड आवळला. एकेक शब्द शोधत बोलले, "इकू नको. त्यो मागं उभा हाय. मीच उभा केलाय त्याला. गाडी हाय तवर... गाडीमागंच राहतोय."

"कोन, आप्पा? कोन उभा हाय?"

तोंड वाकडं झालं त्यांचं. ओठ हलत राहिले, पण शब्द आला नाही. मी सुरेखाकडे बघितलं. तिच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता.

घरी पोचल्यावर आप्पांना आत झोपवलं आणि ती मला शेडकडे घेऊन गेली. शेड रिकामं. जमिनीवर ऑइलचा डाग आणि लोखंडाचा जळका चुरा. "तुमी तिकडं व्हते, मी एकटी घरात," ती रडत म्हणाली. "मला ती गाडी डोळ्यापुढं नको वाटायली. दत्तानं भंगारवाला आनला. गॅस कटरनं तुकडं करून ट्रॉलीत भरून नेलं." मी तिच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

मी भंगारवाल्याकडे धावत गेलो. माल पुढे भट्टीकडे रवाना झाला होता. तो म्हणाला, "कावून एवढं लावून घेताय मालक? दुसरी जुनी गाडी बगू की." मी परत आलो.

ही गेल्या दसऱ्याची गोष्ट. आम्ही आप्पांना सांगितलेलं नाही. शेडला पुढून ताडपत्री लावली आहे. रोज सकाळी चहा पाजताना ते विचारायचे, "गाडी हाय ना?" आणि मी म्हणायचो, "हाय, आप्पा. झाकून ठेवलीय." मग ते डोळे मिटायचे.

दुपारी कधी कधी घराच्या मागच्या दाराच्या पत्र्यावर आवाज होतो. सुरेखा म्हणते शेळी शिंगं घासते. आमची शेळी पुढच्या अंगणात बांधलेली असते, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही. मी ट्रॅक्टर गावात दत्ताकडे नेऊन लावलाय.

मी कारणं शोधून थकलो. पत्रा तापतो म्हणावं, तर तो ठेका धरून तापत नाही. भास म्हणावं, तर तिघांना एकच भास कसा? ती गाडी आप्पांचीच होती की तसलीच दुसरी, तेही मला माहीत नाही, तिचा नंबर कधीच घासून टाकलेला होता. आप्पांच्या बरोबरीचं गावात कुणी उरलं नाही. वर डोंगरात काय झालं, ते सांगू शकणारा एकच माणूस आहे आणि त्याची जीभ अडते.

हे आज लिहायचं कारण एवढंच, की आज सकाळी आप्पांनी ते विचारलं नाही. मी चहाचा कप घेऊन त्यांच्या खोलीत गेलो. मी दारातच होतो. ते माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या खांद्यावरून मागे बघत होते. मग त्यांनी डाव्या हाताने खाटेची कड धरली, कण्हत कण्हत भिंतीकडे सरकले, आणि आपल्या शेजारी एका माणसाला बसता येईल एवढी जागा केली.

"बस," म्हणाले. मला नाही.

दिवसभर मी त्यांच्या खोलीत आहे. त्या खाटेवर बसायची माझी हिंमत होत नाही, म्हणून खाली जमिनीवर बसून हे लिहितोय. आप्पा अजून भिंतीला चिकटूनच झोपलेत, आणि उरलेल्या जागेवरची गोधडी दबलेली आहे.