मीच निकामी ठरवलेली गाडी

एका तरुणाला मी एक जुनी गाडी घेऊ दिली नाही, आणि पंधरा दिवसांनी तीच गाडी मी स्वतः घेतली. नको म्हणताना मी त्याच्या भल्याचा आव आणला होता. हे आधीच लिहून टाकतो. पुढे मी त्या गाडीविषयी आणि ती विकणाऱ्या साहेबाविषयी बरंच वाईटसाईट लिहिणार आहे, आणि ते वाचताना दोष त्यांचा होता असं कुणाला वाटायला नको.

तेव्हा मी कलकत्त्याला, गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत होतो. जुनी यंत्रं, पंप, मोटारी, अगदी टेबलखुर्च्यासुद्धा तपासायच्या आणि ठेवायच्या की मोडीत काढायच्या ते ठरवायचं, हे माझं काम. कचेरीत त्याला ‘कंडेम करणं’ म्हणत. वस्तूभोवती एक फेरी मारून मी तिचं भवितव्य सांगतो अशी माझी ख्याती होती, आणि ती पसरवण्यात माझाही हात होता. एक नियम मात्र कडक होता. ज्याने वस्तू कंडेम केली त्याने तिच्या लिलावात बोली लावायची नाही. स्वतः नाही, नातेवाइकाच्या नावानेही नाही. एका कारकुनाने असा एक टाइपरायटर मेव्हण्याच्या नावाने उचलला होता. चौकशी माझ्याकडे आली. त्याला कामावरून काढावं अशी मी शिफारस केली आणि वर दोन पानं नीतीवर लिहिली. ती पानं मला फार आवडली होती.

कलकत्त्यात आम्ही बदलीवर आलेले अधिकारी आणि तिथे दोन पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबं यांच्यात एक न बोललेली पायरी होती. आम्ही वरच्या पायरीवर, असं आमचं मत. गणपतीच्या आरतीला ते लोक आले की त्यांच्या मराठीला आम्ही घरी येऊन हसायचो. ‘काका, चहा खाणार ना’ असं त्यांच्यातला कुणी बंगाली वळणाने म्हणाला की आमच्या बायकांना आठवडाभर पुरायचं. आणि तेच लोक मुलीचं स्थळ, मुलाची शाळा, डोळ्याचं ऑपरेशन, सगळं आम्हाला विचारून करत. आम्ही गावाकडून आलेलो, शिकलेले, म्हणून. या मानाला आम्ही किती लायक होतो ते या लिखाणावरून दिसेलच.

त्यांच्यात एक गलाईवाले होते. बऊबाजारात सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचं त्यांचं दुकान होतं. सातारा जिल्ह्यातून त्यांचे वडील आले, तेव्हापासून तीच भट्टी आणि तोच तेजाबाचा धूर. त्यांचा मुलगा पंचवीसचा. भट्टीवर त्याची छाती दाटायची, खोकला सुटायचा नाही. त्याचा जीव मोटारींत. दर रविवारी तो मलिक बाजारात एका मिस्त्रीकडे फुकट राबायला जायचा. ज्यूटच्या धंद्यातला एक इंग्रज साहेब कायमचा मायदेशी निघाला होता आणि त्याला आपली लाल, दोन माणसांची, शर्यतीच्या धाटणीची गाडी विकायची होती. मुलाचा बेत असा, की ती घ्यायची, दुरुस्त करून चांगल्या भावाला विकायची आणि त्या पैशात स्वतःचं गॅरेज काढायचं. वडिलांचा बेत वेगळा होता. त्यांनी आसनसोलला दुसरी भट्टी टाकायचं मनात घेतलं होतं, आणि तिथे मुलालाच बसवायचं होतं. साठवलेला पैसा एकच होता. शेवटी ते मुलाला म्हणाले, रेल्वेतले साहेब गाडी बघून हो म्हणाले तर पैसा तुझा, नाही म्हणाले तर गुपचूप आसनसोलला जायचं.

म्हणजे सगळं माझ्या तोंडावर होतं, आणि ते मला सांगूनच मला नेलं होतं.

अलीपूरच्या बंगल्यात गाडी उभी होती. उभी कसली, बसली होती. इतकी बुटकी की दारातून आत शिरायचं म्हणजे आधी गुडघे, मग पाठ, मग स्वाभिमान वाकवायचा. कापडी टप, तारांची चाकं, आणि नाकापुढे लांबलचक बॉनेट. साहेब पायजम्यात बाहेर आला. मुलाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही, माझ्याशीच बोलला. अशा गाडीला तरबेज हात लागतो, आता इथे कुणाला तिची कदर राहील कोण जाणे, असं काहीतरी म्हणाला. मला त्याचा राग यायला हवा होता. तो माझ्याशी बोलला याचा मला आनंद झाला.

मुलगा तासभर गाडीखाली होता. बाहेर आला तेव्हा शर्ट काळा झाला होता आणि चेहरा उजळला होता. दुसरा गिअर झिजलाय, क्लच जाणार, दोन टायर आणि टप बदलावा लागेल, बाकी इंजिन निरोगी आहे, असं त्याने हळू आवाजात सांगितलं. त्यातलं काय कुठे मिळेल तेही सांगितलं. मी मान डोलावत होतो, पण ऐकत नव्हतो. मग साहेबाने किल्ली माझ्या हातात दिली.

त्या फेरीविषयी मला लाज वाटल्याशिवाय लिहिता येत नाही. वय बेचाळीस, पोट सुटलेलं, डोक्यावर सोला हॅट, आणि अलीपूरच्या सावलीतल्या रस्त्यावर मी ती लाल गाडी पळवत होतो. मला वाटलं सगळं शहर माझ्याकडे बघतंय. बघत होता एक माळी, तोही पाण्याच्या नळीवरून गाडी जाईल या काळजीने. परत येऊन मी किल्ली दिली तेव्हा माझं ठरलेलं होतं. काय ठरलंय ते मी स्वतःला सांगितलं नाही, इतकंच.

संध्याकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत गलाईवाल्यांनी मला खुर्ची दिली. बापलेक दोघे उभे राहिले, मागे दुकानातले कारागीर. मी कचेरीतल्या आवाजात बोलू लागलो. गाडीची किंमत म्हणजे गाडीचा खर्च नव्हे. पेट्रोल ती पिणार. सुटा भाग विलायतेहून येणार, आयातीचा परवाना मिळेल तेव्हा. टायर या मापाचे इथे नाहीत. कलकत्त्याच्या साचलेल्या पाण्यात ती बुडणार. दर महिन्याला मिस्त्री, दर वर्षी रंग, आणि विकायला काढाल तर घेणारा कोण? दोन माणसांची गाडी कुठला गृहस्थ घेतो?

मुलगा म्हणाला, “पण काका, मिस्त्रीचं काम तर मीच करणार.”

“हौशी माणसाने इंजिन उघडलं की ते मोडीतच जातं,” मी म्हणालो. “मी रोज बघतो. ही गाडी कंडेम आहे.”

हा शब्द मी मुद्दाम वापरला. त्या खोलीत त्याचं वजन काय पडेल ते मला माहीत होतं. गलाईवाल्यांनी माझे हात हातात घेतले आणि म्हणाले की साहेबांनी पोराला खड्ड्यात पडताना वाचवलं. बाहेर पडताना मला पोराचा खोकला ऐकू आला.

सांगितलं ते सगळं खरं होतं, आणि तरी ते खोटं होतं. दुसऱ्याच्या हातून काम करून घेणाऱ्याला ती गाडी जितक्याला पडेल तितका खर्च मी सांगितला. ज्याचे स्वतःचे हात चालतात त्याला ती कितीला पडेल हे मी मोजलंच नाही. मोजलं असतं तर हो म्हणावं लागलं असतं.

पंधरा दिवसांनी मी साहेबाकडून गाडी विकत घेऊन दारात आणली तेव्हा बायको गॅलरीत उभी होती. ती खाली आली, एक फेरी मारली, अगदी माझ्यासारखीच.

“अहो, आपण पाच माणसं,” ती म्हणाली. “यात तुम्ही आणि दुसरं कोण बसणार?”

मी म्हणालो की आळीपाळीने फिरू.

“आणि ही त्या गलाईवाल्यांच्या मुलाला हवी होती तीच ना? त्याला तर तुम्ही नको म्हणालात.”

मी म्हटलं, त्याला परवडणारी नव्हती. ती ‘बरं’ म्हणाली. तिच्या त्या ‘बरं’नंतर ती त्या गाडीत एकदाही बसली नाही.

पुढचे सात महिने त्या खोलीत मी जे जे बोललो होतो ते सगळं माझ्या वाट्याला आलं. गाडी पेट्रोल प्यायली. परवान्यासाठी मी ओळखीच्या माणसांपुढे लाचार झालो. टपातून पाणी नेमकं माझ्या मांडीवर गळायचं, शेजारची सीट कोरडी. ऑगस्टात एकदा धर्मतल्ल्याजवळ पाण्यात गाडी बंद पडली आणि पाणी दारातून आत येऊन बुटांत शिरलं. शेजारून एक हातरिक्षा गेली. तिच्यात एक जाडजूड दुकानदार मांडीवर इलिश मासा घेऊन बसला होता. त्याची बैठक माझ्या डोक्याच्या वर होती. तो आणि मासा, दोघांनी वरून मला पाहिलं. चार महिन्यांचा पगार खर्चून मी हातरिक्षेपेक्षा खाली बसायला शिकलो होतो.

पण हे विनोदाचं झालं. सियालदहजवळ क्लच गेला त्या दिवसाचा विनोद करता येत नाही. स्टेशनाभोवती फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेली कुटुंबं चटया टाकून पडली होती. गाडी बरोबर त्यांच्या मधोमध थांबली. चार-पाच जण उठले, ज्यांच्याजवळ एक ट्रंक आणि एक हंडा उरला होता असे लोक, आणि त्यांनी काही न विचारता गाडी ढकलत कडेला नेली. एक म्हातारे गृहस्थ, बोलण्यावरून शाळामास्तर असावेत, धापा टाकत मला म्हणाले की आपण आत बसूनच राहा, चाक सांभाळा. मी बसून राहिलो.

गाडी ओढत मलिक बाजारात नेली ती त्याच मिस्त्रीकडे. मला दुसरा माहीत नव्हता. त्याने गाडी ओळखली, आणि मलाही ओळखलं असावं. त्याने मागून एक पेटी ओढून आणली. तिच्यात तेल लावून कागदात गुंडाळलेला गिअर होता, क्लचच्या प्लेटा होत्या. तो म्हणाला, साहेबाची ही गाडी माझ्याकडेच यायची, तिचं काय जाणार ते ओळखून तुमच्या देशचा मुलगा ती बघायला जायच्या आधीच भंगारबाजार धुंडाळून हे ठेवून गेलाय. बल्लीगंजचं एक गिऱ्हाईकही त्याने बोलून ठेवलं होतं. परत न्यायला आलाच नाही. आणि मग, वर न बघता, म्हणाला की साहेब, ही गाडी त्याला जवळजवळ फुकट पडली असती.

मी गाडी मिस्त्रीकडेच सोडली आणि तसाच बऊबाजारात गेलो. मुलगा दुकानाच्या पायरीवर होता. आसनसोलला जागा आत्ता कुठे मिळाली होती आणि तिचा विसार त्याच आठवड्यात द्यायचा होता, असं त्याने सांगितलं. मी घाईघाईने म्हणालो की गाडी तू घे, पैसे नकोत, अशीच घे. हे बोलताना मला मी फार उदार वाटलो. इतक्या सगळ्यानंतरही.

त्याने बोटांवरचे तेजाबाचे पिवळे डाग फडक्याने पुसायचा प्रयत्न केला.

“काका, गाडी नकोय मला,” तो म्हणाला. “बाबांना अजून वाटतंय की मी मूर्ख आहे आणि तुम्ही मला वाचवलंत. गाडी फुकट घेतली तर वाटेल, साहेबांनी पोरावर दया केली. तुम्ही त्यांना खरं सांगा. फुकट द्यायचं तर तेवढं द्या.”

मी म्हणालो, उद्या सांगतो.

“आत आहेत ते,” तो म्हणाला.

मागच्या खोलीत तीच खुर्ची मला पुढे करण्यात आली. मी बसलो नाही. गलाईवाल्यांनी चहा सांगितला. मी म्हणालो की मला तुमची आणि याची माफी मागायची आहे. ते हसले, म्हणाले, साहेब, मोठ्या माणसाने असं बोलू नये, आम्हाला पाप लागेल. मी पुन्हा सुरुवात केली. त्यांनी माझा हात धरून मला खुर्चीकडे ओढलं, कारागिरांना बाहेर जायची खूण केली. माझा मान जपायची त्यांची धडपड चालली होती, आणि तो मान हीच अडचण होती. कारागिरांना मी थांबा म्हटलं. त्या दिवशीही ते तिथेच होते.

मग मी मुलाकडे तोंड केलं, कारण त्याच्या वडिलांकडे बघून मला बोलता येत नव्हतं.

“गाडी चांगली होती. तू तिची पारख बरोबर केली होतीस आणि खर्चही बरोबर काढला होतास. मला ती स्वतःला हवी होती, म्हणून मी तुझ्या वडिलांपुढे तिला कंडेम म्हणालो. त्यांनी माझ्या शब्दावर तुझा पैसा अडवला. तो शब्द खोटा होता. मी तुझा गुन्हेगार आहे. मला माफ कर.”