पान कुठल्या बाजूला मिटायचं

१५ सप्टेंबर २०२४, रविवार. त्या वर्षीचं तिरुवोणम, म्हणजे ओणमचा मुख्य दिवस, याच तारखेला होता. कोणतंही पंचांग उघडून पडताळता येईल. त्या दुपारी इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एका कम्युनिटी हॉलमध्ये जे घडलं, त्याला मात्र पुरावा साक्षीदारांचाच.

सुप्रभाताई निवृत्त भूलतज्ज्ञ. मल्याळम चित्रपटांचं वेड त्यांना ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टर लीलाम्मा यांनी लावलं. मुंडू, म्हणजे तिकडची लुंगी, केव्हा गुडघ्यापर्यंत दुमडावा आणि कोणापुढे सोडावा, इथपर्यंत सारं केरळ आपण सबटायटल्सवर शिकलो, अशी त्यांची खात्री होती. त्या दिवशी ती पणाला लागली, कारण मुलगा क्षितिज याला लीलाम्मांच्या मुलीशी लग्न करायचं होतं. लीलाम्मांनी होकार दिला नव्हता, नकारही नाही. “आधी आमच्या पंगतीला या,” एवढंच म्हणाल्या होत्या.

पंगत उत्तम पार पडली. सुप्रभाताईंनी पायसमात, म्हणजे तिथल्या खिरीत, पापड असा सफाईने चुरला, की शेजारच्या आजीबाईंनी मान डोलावली. मग त्यांनी केळीच्या पानाची जवळची कड उचलली आणि पान पलीकडे मिटलं. आजीबाई वळून त्यांच्याकडे पाहू लागल्या.

“डॉक्टर, घरी सगळे ठीक ना?” लीलाम्मांनी विचारलं.

“ठीक. का हो, सिस्टर?”

“असं पान आम्ही मयताच्या जेवणाला मिटतो.”

“पण सिनेमात अख्खं घर असंच मिटत होतं.”

“त्याआधी काय झालं होतं सिनेमात?”

सुप्रभाताई चाचरल्या. “ते राहिलं. ड्यूटीवरून आले तेव्हा जेवणाचाच सीन चालू होता. पुढे मला झोप लागली.”

“पेशंटच्या आधी आईच झोपते,” क्षितिज म्हणाला.

लीलाम्मांचे यजमान त्रिशूरचे. “आमच्याकडे कसंही मिटतात,” ते म्हणाले. “ही हिच्या कोट्टयमची खोड.”

“माझी आई असंच सांगायची.”

“तुझ्या आईनेही तोच सिनेमा पाहिला असेल.”

लीलाम्मांनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. सुप्रभाताईंचं पान उलगडलं, पलीकडची कड अलीकडे ओढून पुन्हा मिटलं आणि म्हणाल्या, “लग्नात असं मिटायचं. दोन्हीकडच्यांनी. त्रिशूरवाल्यांनीसुद्धा.”

होकार तो हाच, याबद्दल साक्षीदारांत मतभेद नाहीत. चित्रपटाचं नाव सुप्रभाताईंना आठवत नाही. लीलाम्मांच्या आईकडे ही रीत घराण्यातून आली की पडद्यावरून, हे अद्याप कळलेलं नाही.